मूठभर दानाची लांब वाट



मुंबईच्या उपनगरातलं अंधेरी स्टेशन आपल्यापैकी पुष्कळांना ठाऊक असेल. ज्यांचा भाऊ, मुलगा किंवा जावई मुंबईत नोकरीला आहे, त्यांनी तिथल्या पुलावरची गर्दीही अनुभवली असेल. पण जर्मनीतल्या बॉन शहरात १९६७ साली एक सेवाभावी संस्था निघाली आणि तिच्या नावातच 'अंधेरी' हा शब्द घातला गेला, हे फारसं कुणाला माहीत नसतं. 'अंधेरी हिल्फे' असं तिचं नाव. 'हिल्फे' म्हणजे मदत. ऱ्हाईन नदीच्या काठी राहणाऱ्या लोकांना आपली अंधेरी कशी आठवली, याची एक हकीकत आहे. तिचं दुसरं टोक आफ्रिकेत आहे. ज्या अंधेरीला ही मदत येत होती, त्याच अंधेरीतल्या धर्मभगिनी पुढे इथिओपियात आणि केनियात सेवेसाठी गेल्या.

आफ्रिकेतल्या कॅथलिक ख्रिस्ती मंडळींना जगभरातून दान जातं. ते जमतं कसं, वाटलं जातं कसं आणि त्याचं तिथे होतं काय, हे आज आपल्याला समजून घ्यायचं आहे. आपण म्हणाल, आमच्या गावात ना चर्च, ना आफ्रिकेशी संबंध. आम्हांला याचं काय? पण आपल्या गावातही शाळेची खोली बांधायची असते, देवळाचा जीर्णोद्धार असतो, मुंबईकर मंडळींकडून वर्गणी येते, एखादी संस्था वस्तू देऊन जाते. दिलेल्या पैशानं गाव उभं राहतं की नुसतंच हात पसरायला शिकतं, हा प्रश्न आपल्याकडेही आहे आणि आफ्रिकेतही. म्हणून ही गोष्ट आपलीही आहे.

आधी उपनगराकडे पाहू. अंधेरी, मरोळ, बोरिवली इथे आज उंच इमारती आहेत. पूर्वी ही साष्टी बेटावरची भातशेतीची गावं होती. त्यांत हिंदू होते, तसेच मराठी बोलणारे कॅथलिक शेतकरीही होते. हे लोक स्वतःला 'ईस्ट इंडियन' म्हणवतात. हे नाव त्यांनी १८८७ साली घेतलं. त्यांचा 'आगेरा' नावाचा सण असतो. ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी नव्या भाताच्या लोंब्या वाजतगाजत चर्चमध्ये नेतात. पीक घरात येण्याआधी त्यातलं पहिलं देवाला. आपल्याकडे दसऱ्याच्या सुमारास नव्या भाताच्या लोंब्या दाराला बांधतात, त्याचंच हे भावंड समजा. शेतं गेली, तरी सण आहे.

याच भागात दोन जुनी ठिकाणं आहेत. बोरिवलीजवळ मंडपेश्वरची लेणी आहेत. मूळ ही शंकराची लेणी. सोळाव्या शतकात पोर्तुगीज फ्रान्सिस्कन साधूंनी त्यांच्या अंगाला लागून मोठा मठ आणि विद्यालय उभारलं. पाठीशी राजा होता, राजाची देणगी होती. १७३९ साली मराठ्यांनी वसई घेतली, पोर्तुगीज सत्ता गेली आणि तो वैभवशाली मठ ओस पडला. आज त्याच्या भिंती उभ्या आहेत.

दुसरं ठिकाण अंधेरीचं. आज जिथे सीप्झची औद्योगिक वसाहत आहे, तिच्या आवारात सेंट जॉन बॅप्टिस्टच्या चर्चचे अवशेष आहेत. हे चर्च १५७९ साली जेझुइटांनी बांधलं. १८४० साली साथ आली आणि लोकांनी ती जागा सोडली. पण इथे एक फरक पाहा. लोक मरोळला गेले आणि त्यांनी तिथे आपलं चर्च सुरू ठेवलं. दगडी इमारत मागे राहिली, पण मंडळी टिकली. बोरिवलीचा तो मठ राजाच्या खजिन्यावर उभा होता, मरोळची मंडळी आपल्या स्वतःच्या लोंब्यांवर. हा फरक मनात ठेवा. पुढे आफ्रिकेत तो आपल्याला पुन्हा भेटणार आहे.

आता दान जमतं कसं ते पाहू. त्यासाठी आपल्याला फ्रान्समधल्या लियों शहरात जावं लागेल. हे रेशमाच्या मागांचं शहर. तिथे पॉलिन जारिको नावाची एक तरुणी होती. दूरदेशी गेलेल्या धर्मप्रचारकांना मदत करावी असं तिला वाटे. तिनं श्रीमंतांची दारं ठोठावली नाहीत. गिरणीत राबणाऱ्या बायांना तिनं सांगितलं, आठवड्याला एक सू द्या. सू म्हणजे त्या वेळचं अगदी लहान नाणं, आपला पैसा-दोन पैसे म्हणा. दहा जणींचा एक गट, गटाची एक प्रमुख. दहा प्रमुखांवर आणखी एक. असं करत दहाचे शंभर आणि शंभरांचे हजार झाले. आपल्याकडे बायका भिशी लावतात किंवा बचत गट चालवतात, त्याच्याशी हे किती जुळतं पाहा! फरक एवढाच, की भिशीचा पैसा फिरून आपल्याकडे येतो. हा पैसा अनोळखी माणसाकडे जात होता. या खटाटोपातून १८२२ साली जी संस्था उभी राहिली, तिनंच पुढे जगभरच्या मिशनकार्याचा मोठा भार उचलला. १९२२ साली रोमनं तिला आपल्या छत्राखाली घेतलं. पॉलिनबाईंना २०२२ साली चर्चनं 'धन्य' म्हणून गौरवलं.

१९२६ साली पोप पायस अकरावे यांनी ठरवलं, की वर्षातला एक रविवार साऱ्या जगात मिशन रविवार म्हणून पाळावा. ऑक्टोबरमधला शेवटून दुसरा रविवार त्यासाठी असतो. त्या दिवशी चर्चमध्ये जी पेटी फिरते, तिच्यातला पैसा त्या चर्चचा नसतो. तो धर्मप्रांताकडे जातो, तिथून देशाच्या संचालकाकडे आणि पुढे एका सामाईक निधीत जमा धरला जातो. मुंबईच्या चर्चमध्येही ही पेटी फिरते आणि केनियातल्या गरीब चर्चमध्येही फिरते. घेणाऱ्यांनीही द्यायचं, अशी ही रीत आहे.

हा निधी वाटायचा कसा? निरनिराळ्या देशांचे संचालक दरवर्षी रोममध्ये जमतात. धर्मप्रांतांचे अर्ज त्यांच्यापुढे येतात. कुठे धर्मशिक्षकांचा खर्च, कुठे भावी धर्मगुरूंचं विद्यालय, कुठे पावसात गळणारं प्रार्थनाघर. बिशपनं अर्ज करायचा, पोपच्या प्रतिनिधीनं शिफारस करायची आणि मग मंजुरी. आपल्याकडे शाळेच्या अनुदानाचा प्रस्ताव जिल्हा परिषदेतून वर जातो, तसंच काहीसं.

दुसरी वाट आहे मिस्साच्या दक्षिणेची. मिस्सा म्हणजे कॅथलिकांची मुख्य उपासना. आईवडिलांच्या स्मरणार्थ मिस्सा अर्पण करावी म्हणून भाविक धर्मगुरूला काही रक्कम देतात. आपण श्राद्धाला भटजींना दक्षिणा देतो, ती डोळ्यांपुढे आणा. श्रीमंत देशात अशा विनंत्या पुष्कळ येतात आणि धर्मगुरू कमी असतात. मग त्या विनंत्या रकमेसह आफ्रिकेतल्या किंवा आपल्याकडच्या गरीब भागातल्या फादरकडे पाठवतात. तिथे पगार नावाची गोष्ट जवळजवळ नसते; कित्येक ठिकाणी फादरचा महिन्याचा शिधा या दक्षिणेतूनच येतो. यात गैर होऊ नये म्हणून नियम कडक आहेत. एका मिस्साला एकच दक्षिणा. दिवसात एकाहून अधिक मिस्सा केल्या तरी, नाताळचा दिवस सोडला तर, एकाच दक्षिणेवर फादरचा हक्क. बाकीची बिशपनं ठरवून दिलेल्या कामाला जाते. वर्षभरात पुऱ्या होणार नाहीत इतक्या विनंत्या स्वीकारायच्याच नाहीत आणि प्रत्येकीची वहीत नोंद करायची.

तिसरी वाट स्वतंत्र संस्थांची. त्यांतल्या एकीची सुरुवात शेतकऱ्यांच्या घरात झाली. दुसरं महायुद्ध संपलं तेव्हा जर्मनीत अन्नाची दैना होती आणि पूर्वेकडून हाकललेले लाखो निर्वासित तिथे येऊन पडले होते. बेल्जियममधल्या टोंगरलो मठात वेरेनफ्रीड व्हान स्ट्राटेन नावाचा एक साधू होता. १९४७ साली तो खेड्यापाड्यांतून फिरू लागला आणि शेतकरीणींकडे डुकराच्या मांसाचे तुकडे मागू लागला. कुणासाठी? तर जर्मनांसाठी! या जर्मनांच्याच फौजेनं चार-पाच वर्षं बेल्जियम टाचेखाली ठेवला होता. कुणाचा मुलगा गेलेला, कुणाचं घर जळालेलं. तरी त्या बायांनी दिलं. लोक त्या साधूला प्रेमानं 'मांसवाला पाद्री' म्हणू लागले. आज तीच संस्था आफ्रिकेत धर्मशिक्षकांच्या प्रशिक्षणाला, फादरांच्या मोटरसायकलींना, मिस्साच्या दक्षिणेला पैसा पुरवते.

आणि आता अंधेरीची हकीकत नीट कळेल. ॲना ह्युबर्टा रॉगेनडॉर्फ या जर्मन धर्मभगिनी अंधेरीत अनाथ आणि निराधार मुलांमध्ये काम करत होत्या. तिथे 'सेंट कॅथरिन्स होम' नावाचं मुलांचं घर आहे. १९४२ साली, म्हणजे ऐन महायुद्धात, इंग्रजांच्या राज्यात, शत्रुराष्ट्राच्या या बाईंनी भारतीय मुलींना घेऊन अंधेरीत एक नवा भगिनीसंघ सुरू केला: 'हेल्पर्स ऑफ मेरी', मेरीच्या साहाय्यिका. पैशाची ओढाताण कायमचीच. तोंडं खाणारी शेकडो आणि हात मोजके.

१९५० चं दशक संपता संपता बॉनमधल्या एका शिक्षिकेच्या कानावर या घराची गोष्ट गेली. तिचं नाव रोझी गोलमान. शिक्षकबंधूंनो आणि भगिनींनो, इथे मुद्दाम लक्ष द्या. हे काम मंत्र्यानं किंवा कारखानदारानं सुरू केलेलं नाही, शाळेत शिकवणाऱ्या एका बाईनं आणि तिच्या विद्यार्थ्यांनी सुरू केलेलं आहे. मुलांनी पैसे जमवले, वस्तू पाठवल्या. बारा-पंधरा वर्षांपूर्वी जो देश स्वतः बेल्जियमच्या शेतकरीणींच्या हातचं खात होता, त्याच देशातली मुलं आता अंधेरीच्या मुलांसाठी देत होती. पुढे बाई स्वतः अंधेरीला येऊन गेल्या आणि १९६७ साली संस्था रीतसर स्थापन झाली.

पण काम करता करता त्यांच्या मनात एक प्रश्न उभा राहिला. ही मुलं येतात कुठून? आईबाप खेड्यात राबतात, उपाशी राहतात, मरतात किंवा पोराला सांभाळू शकत नाहीत, म्हणून मूल अंधेरीच्या दाराशी येतं. मग नुसतं घर मोठं करत राहायचं, की खेड्यातली उपासमारच थांबवायची? या प्रश्नानंतर संस्थेनं आपली दिशा बदलली. खेड्यांतल्या लोकांनी स्वतःच्या पायांवर उभं राहावं, अशा कामांना ती मदत देऊ लागली. बांगलादेशात तिच्या मदतीनं दहा लाखांहून अधिक लोकांच्या डोळ्यांवर शस्त्रक्रिया झाल्या. ज्याला दिसू लागतं तो पुन्हा कामाला लागतो. त्याला रोज हात धरून न्यावं लागत नाही.

अंधेरीच्या भगिनीसंघानंही आपली वाट पुढे नेली. त्या भगिनी महाराष्ट्रातल्या आणि इतर राज्यांतल्या खेड्यांत गेल्या आणि पुढे आफ्रिकेत. जिथे एके काळी परदेशातून पैसा येत होता, तिथून आता माणसं परदेशी जाऊ लागली. माझ्या मते अंधेरीला मिळालेल्या दानाचं खरं फळ हे आहे. घेणारा देणारा झाला.

आफ्रिकेत पोचल्यावर काय दिसतं? आज जगातल्या कॅथलिकांपैकी साधारण दर पाचवा माणूस आफ्रिकेत आहे. २०२३ च्या अखेरीस तिथे सुमारे २८ कोटी कॅथलिक होते. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी ही संख्या लाखांतच मोजली जात होती. एवढी वाढ झाली, पण धर्मगुरू त्या मानानं वाढले नाहीत. एका फादरकडे मुख्य गाव आणि भोवतालच्या कितीतरी वाड्या. प्रत्येक वाडीवर त्याची पाळी आठवड्यांनी, कधी महिन्यांनी येते. एरवीचा गाडा धर्मशिक्षक ओढतो. हा शिक्षक गावातलाच शेतकरी असतो, बायकामुलांचा माणूस. रविवारी तोच प्रार्थना घेतो, मुलांना शिकवतो, आजाऱ्याकडे जातो, मयताला उभा राहतो. त्याला मिळतं थोडंसं मानधन, शिकवणीचा खर्च आणि नशीब असेल तर सायकल. लियोंपासून सुरू झालेल्या दानाचा मोठा वाटा या सायकलपर्यंत येऊन पोचतो.

इथिओपियात चित्र वेगळं आहे. तिथे चौथ्या शतकापासूनचं जुनं ऑर्थोडॉक्स चर्च आहे. कॅथलिक शंभरात जेमतेम एक. तरी त्यांच्या शाळा आणि दवाखाने आहेत आणि तिथे येणारी बहुतेक माणसं इतर पंथांची, इतर धर्मांची असतात. अशा ठिकाणी लोकांच्या लोंब्यांवर सगळा खर्च निघणं शक्यच नसतं. बाहेरचं दान थांबलं, तर दवाखान्याचं दार बंद. हेही खरं आहे आणि ते लपवण्यात अर्थ नाही.

पण आफ्रिकेतले जाणते लोक या परावलंबनावर फार पूर्वीपासून विचार करत आले आहेत. युगांडात मसाका नावाचा प्रांत आहे. तिथे १९३९ साली जोसेफ किवानुका हे बिशप झाले. आधुनिक काळातले ते पहिले कृष्णवर्णीय आफ्रिकी कॅथलिक बिशप. त्यांनी गावोगाव लोकांनी निवडलेल्या समित्या नेमल्या, शाळांसाठी पालकसंघ उभे केले. चर्च कसं चालवायचं, पैसा कसा उभा करायचा, यात गावकऱ्यांना भागीदार केलं. युरोपचे पाद्री उद्या गेले तरी मसाका थांबू नये, ही त्यामागची दृष्टी.

पोप पॉल सहावे हे १९६४ च्या डिसेंबरात मुंबईला आले होते, हे जुन्या मंडळींना आठवत असेल. त्यांच्यासाठी आणलेली पांढरी मोटार त्यांनी जाताना मदर तेरेसांना देऊन टाकली. मदरनं त्या मोटारीची सोडत काढली आणि आलेला पैसा कुष्ठरोग्यांच्या वसाहतीला लावला. हेच पोप १९६९ साली युगांडाला गेले आणि आफ्रिकी लोकांना त्यांनी सांगितलं, की तुमच्यातले धर्मप्रचारक आता तुम्हीच व्हायला हवं. चारच वर्षांनी, १९७३ मध्ये, पूर्व आफ्रिकेतल्या बिशपांनी ठरवलं, की यापुढे चर्चची उभारणी लहान लहान शेजारगटांतून करायची. दहा-पंधरा कुटुंबांचा एक गट. स्वाहिली भाषेत त्याला 'जुमुइया' म्हणतात. आठवड्यातून एकदा कुणाच्या तरी घरी किंवा झाडाखाली जमायचं, बायबल वाचायचं, कोण आजारी आहे, कुणाच्या घरी चूल पेटली नाही, हे विचारायचं आणि आपापसांत वर्गणी काढायची. मुंबईच्या चर्चमध्येही आता असे शेजारगट आहेत.

केनियाच्या राजमुद्रेवर एक शब्द आहे: 'हरांबे'. सगळे मिळून ओढू या, असा त्याचा भाव. स्वातंत्र्यानंतर तिथे गावकऱ्यांनी याच शब्दाच्या जोरावर शेकडो शाळा बांधल्या. कुणी विटा दिल्या, कुणी बकरी दिली, कुणी नुसते हात दिले. आपण श्रमदान म्हणतो ते हेच.

हे वाचताना मला माझ्या आजीची आठवण होते. आमचं गाव सातारा जिल्ह्यातलं. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली काले इथे रयत शिक्षण संस्था काढली. वसतिगृहातल्या मुलांच्या जेवणासाठी त्यांनी मुष्टिफंड सुरू केला. दळणाला बसण्याआधी घरच्या बाईनं मूठभर धान्य बाजूला काढायचं. आजी सांगे, "पोरा, आमच्या घरात दाणा कमी होता, पण मूठ कधी चुकली नाही. ती पोरं आमची होती." पुढे त्या संस्थेला मोठ्या देणग्याही मिळाल्या, सरकारी अनुदानही मिळालं. पण लक्ष्मीबाई पाटलांनी मंगळसूत्र मोडून वसतिगृहाची चूल पेटती ठेवली आणि गावोगावच्या बायांनी मूठ दिली; तो पाया होता. त्यामुळे ती शाळा कुणा दात्याची झाली नाही, रयतेची राहिली.

उलट गोष्टही सांगतो. काही वर्षांपूर्वी मी ओळखीच्या एका खेड्यातल्या शाळेत गेलो होतो. एका दात्यानं तिथे दहा संगणक दिले होते. फोटो निघाले, नारळ फुटला. मी गेलो तेव्हा ते दहाही संगणक कापडाखाली झाकलेले होते. मुख्याध्यापक ओशाळून म्हणाले, "साहेब, विजेचं बिल भरायला पैसे नाहीत, आणि बिघडलं तर तालुक्याहून माणूस कोण आणणार?" दात्याचा हेतू चांगलाच होता. पण गावाला काय हवं आहे, पुढचा खर्च कोण करील, हे त्यानं विचारलं नव्हतं आणि गावानंही सांगितलं नव्हतं. फुकट मिळतं आहे, नाही कशाला म्हणा! आफ्रिकेत अशा झाकलेल्या वस्तू पुष्कळ आहेत: सुटा भाग मिळत नाही म्हणून बंद पडलेला पंप, डिझेल परवडत नाही म्हणून उभी राहिलेली गाडी. दानाचा इतिहास लिहिणारे यशाबद्दल लिहितात. या कापडाखालच्या गोष्टी कुणी लिहीत नाही.

आता एक नाजूक प्रश्न. परदेशी पैसा आणि धर्म हे दोन शब्द एकत्र आले, की आपल्याकडे शंका येते. ती अगदीच निराधार आहे असं मी म्हणणार नाही; मंडपेश्वरच्या लेण्यांशेजारी उभं राहिलं, की सत्ता, पैसा आणि धर्म एकत्र आले म्हणजे काय होतं ते दिसतं. चर्चनंही यातून काही शिकून घेतलं. १९६५ साली व्हॅटिकनच्या धर्मपरिषदेनं स्पष्ट केलं, की कुणालाही जबरदस्तीनं किंवा आमिषानं ख्रिस्ती करू नये. चर्चच्या १९८३ च्या धर्मसंहितेत आणखी तीन गोष्टी आहेत. प्रत्येक चर्चला अर्थसमिती असलीच पाहिजे. ज्या कामासाठी दान दिलं, त्याच कामाला ते लागलं पाहिजे. आणि लोकांनी दिलेल्या दानाचा हिशेब लोकांना दिला पाहिजे. नियम झाला म्हणजे सगळीकडे तो पाळला जातोच असं नाही, पण विचारणाऱ्याच्या हातात तो राहतो.

आपल्या सरकारचा कायदाही आहे. परदेशी देणगीवर नियंत्रण ठेवणारा पहिला कायदा १९७६ साली झाला, नवा २०१० साली आणि त्यात २०२० साली दुरुस्ती झाली. त्यानुसार परदेशातून येणारी प्रत्येक देणगी आधी दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतल्या खात्यात जमा व्हावी लागते. कार्यालयीन खर्चाची मर्यादा शंभराला पन्नासवरून वीसवर आली आणि एका संस्थेनं घेतलेला परदेशी पैसा दुसऱ्या संस्थेला देता येत नाही. हा कायदा कुणा एका धर्मापुरता नाही. मठ, आश्रम, दवाखाने, शाळा सगळ्यांना लागू आहे. यामुळे लहान संस्थांची अडचण झाली आहे, हेही तितकंच खरं. दूरच्या खेड्यात काम करणारी चार माणसांची संस्था पूर्वी मोठ्या संस्थेच्या हातून मदत घेई. ती वाट बंद झाली.

युरोपात चर्चला जाणाऱ्यांची संख्या घटते आहे. पॉलिनबाईंच्या काळातली पेटी आता तिथे तशी भरत नाही. म्हणजे आफ्रिकेतल्या मंडळींपुढे आणि आपल्याकडच्या संस्थांपुढेही एकच प्रश्न उभा आहे: बाहेरचा ओघ आटला, तर आपल्या विहिरीला पाणी आहे का?

म्हणून शिक्षकांना माझी एक सूचना आहे. शाळेला किंवा गावाला कुणी काही देऊ केलं, तर नारळ फोडण्याआधी ग्रामसभेत किंवा पालकसभेत चार प्रश्न विचारा. हे आम्हीच मागितलं होतं का? यात गावाची मूठ किती आहे? दाता गेल्यावर वर्षभराचा खर्च कोण करील? आणि हिशेबाचा कागद कुठल्या भिंतीवर लागणार? चारही उत्तरं मिळाली, तर आनंदानं घ्या. घेण्यात कमीपणा नाही. जर्मनीनं घेतलं होतं, अंधेरीनं घेतलं होतं.

आणि पाचवा प्रश्न मुलांना विचारा. आपण कुणाला काय देऊ शकतो? बॉनच्या शाळेतल्या मुलांना त्यांच्या बाईंनी हाच प्रश्न विचारला असावा. शेजारच्या पाड्यावरच्या शाळेला वह्या देता येतील, ऊसतोडीला आलेल्या कुटुंबांच्या मुलांना आपल्या वर्गात बसवून घेता येईल. रक्कम लहान असेल. लियोंच्या गिरणीतल्या बाईनं आठवड्याला एकच सू दिला होता, आणि माझ्या आजीनं एक मूठ.